डाव्या हाताची करंगळी

६ जानेवारी

प्रिय मावशी,

तुला 'तीर्थरूप' लिहायचं की 'प्रिय', यावरच पहिला कागद वाया गेला, म्हणून दुसऱ्यावर सरळ सुरुवात करतो. मी ढब्बू. दर वाढदिवसाला तू ज्याला कार्ड पाठवतेस आणि जो कधी उत्तर पाठवत नाही, तोच. त्याबद्दल आधी माफी मागून टाकतो. मागच्या वर्षी बाबा गेले तेव्हा तुला फोन केला होता, पण तू तीनदा "कोण?" विचारलंस आणि मग "मला ऐकू येत नाही रे, लिहून कळव" म्हणून ठेवून दिलास. तर आता लिहितोय. वर्षभर उशिरा.

माझी बदली झाली आहे, आणि कुठे, तर तुझ्या जुन्या शहरात. हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढतो. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. दिवसभर एवढंच बोलतो. संध्याकाळी घरी आलो की लक्षात येतं, आज साठ-सत्तर माणसांशी बोललो आणि एकाशीही बोललो नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून एका लाँड्रीची मागची बाजू दिसते, आणि शेजारी कोण राहतं ते मला त्यांच्या खोकल्यावरूनच माहीत आहे.

गुरुवारी सुट्टी असते. फिरून फिरून पाय दुखायला लागले आणि एका इमारतीत बाकं दिसली म्हणून आत शिरलो, तर ते तुझं म्युझियम निघालं. सव्वीस वर्षं तू ज्याच्या मागच्या वर्कशॉपमध्ये जुनी चित्रं दुरुस्त केलीस, तेच. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची चित्रं, आणि त्यांच्यासमोर हनुवटीला हात लावून उभी असलेली शहाणी माणसं. मीही हनुवटीला हात लावून पाहिला. काही फरक पडला नाही.

तुझं आणि बाबांचं बोलणं का नव्हतं ते मला कधी कळलं नाही आणि मी विचारणारही नाही. मला एवढंच सांग, ही जुनी चित्रं बघायची कशी? गुरुवार फार लांबलचक असतो.

तुझा,
ढब्बू (आता वजन एकसष्ट किलो)


१५ जानेवारी

ढब्ब्या,

एकसष्ट म्हणजे काय वजन झालं? जेवतोस की हवेवर राहतोस?

तुझं पत्र पोस्टमनने दारात दिलं तेव्हा मी त्याला म्हटलं, चुकून आलं असेल, नाव नीट बघ. त्याने नावावर बोट ठेवून दाखवलं. मग मी ते तीनदा वाचलं. इथे वाचायला विजेचं बिल आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी एवढंच असतं, तेव्हा फुशारून जाऊ नकोस.

चित्रं बघायची कशी. एका दिवसात एकच चित्र. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. शेजारची पाटी वाचायची नाही, लोक पाटी वाचतात आणि चित्र पाहिलं असं समजून पुढे जातात. समोर अर्धा तास उभं राहायचं. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल, तो येऊ दे. मग उजेड कुठल्या बाजूने येतोय ते शोध. मग चित्रकाराला कुठे कंटाळा आला होता ते शोध. थोर माणसंसुद्धा पडद्याच्या घड्या रंगवताना जांभया देतात, आणि त्या दिसतात. आणि जिथे त्याला अजिबात कंटाळा आला नव्हता ती जागा सापडली, की तिथून हलू नकोस. एक वही आणि पेन्सिल ने. तुला चित्रकार व्हायचं नाही हे मला कळतं, पण काढायला घेतल्याशिवाय माणूस नीट बघतच नाही.

दोन नंबरच्या खोलीत नासपतींचं एक छोटं चित्र आहे. तिथून सुरुवात कर. सात नंबरच्या खोलीत जायचं कारण नाही, तिथे उजेड वाईट आहे.

मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नासपती तीन गुरुवार बघितल्या. पहिल्या गुरुवारी त्या नुसत्या नासपती होत्या. दुसऱ्या गुरुवारी कळलं की डावीकडची एक आतून सडायला लागली आहे, आणि चित्रकाराने ते सालीच्या नुसत्या रंगावरून सांगितलंय. माझं कामही तेच की. वरून न दिसणारं शोधायचं. त्या माणसाला मशीन लागलं नाही, एवढाच फरक. माझ्या वहीतल्या नासपती मात्र बटाट्यांसारख्या आल्या आहेत.

आता कबुली देतो. तू जाऊ नको म्हणालीस म्हणून मी सात नंबरच्या खोलीत गेलो. उजेड तर उत्तम आहे! आणि तिथे ती बाई आहे. खिडकीपाशी बसून कापड शिवणारी. उजव्या हातात सुई, आणि डावा हात टेबलावर नुसता ठेवलेला. मावशी, तो डावा हात! मी तिथून हललो नाही. तुझ्याच नियमाप्रमाणे.

त्या हाताची करंगळी आत वळलेली आहे. शेवटचं हाड शेजारच्या बोटाकडे झुकलेलं, थेट माझ्यासारखं. बाबांच्या करंगळ्या सरळ होत्या. ते म्हणायचे, तुला बनवताना सामान कमी पडलं. आईची कशी होती मला माहीत नाही. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे आणि त्यात तिचे हात माझ्या दुपट्याखाली आहेत.

पण एक कोडं आहे. असं बोट बहुतेक दोन्ही हातांना असतं, मी रोज बघतो. या बाईची उजवी करंगळी मात्र सुईवर उचललेली आणि सरळ आहे. मी ठरवून टाकलंय की लहानपणी तिचं डावं बोट दारात चिरडलं असणार. आणि बघ, एवढ्या मोठ्या चित्रकाराने ते सरळ करून टाकलं नाही! जसं होतं तसं ठेवलं. माझ्यासाठी हाच खरा धडा.

अगदी जवळ गेलं की दिसतं, तो हात बारीक उभ्या रेघांनी भरलाय, केसाएवढ्या. बाकी चित्रात कुठेच तशा नाहीत. म्हणजे जीव ओतायचा तिथे तो रेघा वापरायचा, बरोबर ना? मीही आता वहीत सगळं उभ्या रेघांनी काढतोय.

तुझा,
ढब्बू


९ फेब्रुवारी

ढब्ब्या,

रेघा काढणं आधी बंद कर. त्या त्याची पद्धत नाहीत. तुला वाईट सवय लागेल.

तो डावा हात काही विशेष नाही. उजवा बघ. सुई धरलेल्या दोन बोटांच्या मधे जो उजेड आहे तो बघ, आमच्या म्हाताऱ्याची कमाल तिथे आहे. (त्या चित्रकाराला आम्ही वर्कशॉपमध्ये 'म्हातारा' म्हणायचो. नाव फार लांब होतं.) डाव्या हाताचं मनगट जरा जाड झालंय, सावलीही चुकली आहे. करंगळीचं डोक्यातून काढून टाक.

नाहीतर चार नंबरच्या खोलीत जा. तिथे एक कुत्रा आहे, फार छान आहे.

इथे थंडी आहे. गुडघे बोलतात.

मावशी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कुत्रा पाहिला. छान आहे. पुन्हा सातमध्ये गेलो.

तुझ्याशी वाद घालण्याइतकी माझी अक्कल नाही. सावली चुकली असेल. उजवा हात थोर आहे हेही मान्य. पण उजवा हात कामात आहे, त्याला माझी गरज नाही. डावा वाट बघतोय. कोणाची ते कळत नाही, पण दर गुरुवारी मी समोर उभा राहतो तेव्हा त्याची वाट बघून झालेली असते असं मला वाटतं. हे तुला वेडेपणाचं वाटेल. तळघरात राहून राहून माणूस असा होत असेल. पण या शहरात माझी ओळख असलेला तो एकच हात आहे, आणि तू म्हणतेस तो विशेष नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू.

बातमी आहे. ते चित्र भिंतीवरून उतरवलंय, साफ करणार आहेत. तुझ्या जागेवर आता एक तरुण बाई आहे. एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणतो. मला दर गुरुवारी तिथे पाहून तिनेच एकदा विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं. तर म्हणाली, साफ करण्याआधी चित्राचा एक्स-रे काढावा लागतो आणि आमचं मशीन बंद पडलंय! आमच्या डॉक्टरांनी फिरतं मशीन न्यायला परवानगी दिली आहे. पुढच्या महिन्यात मी त्या बाईचा एक्स-रे काढणार. श्वास धरून ठेवा म्हणायची गरज नाही, अशी पहिलीच पेशंट.

तू खूश होशील असं वाटलं होतं म्हणून सांगतोय. लवकर लिही.

तुझा,
ढब्बू


१४ मार्च

प्रिय मावशी,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तुझ्या घरमालकिणीला फोन केला. त्या म्हणाल्या, बऱ्या आहेत, रोज पोस्टमनची वाट बघतात. म्हणजे माझं पत्र मिळालंय आणि तू उत्तर देत नाहीयेस.

काल एक्स-रे काढला. वर्कशॉपच्या दारातच टर्पेंटाइनचा वास आला आणि मला का कोण जाणे, खाली वाकून टेबलाखाली शिरावंसं वाटलं. चौतीस वर्षांचा बाप्या मी! चष्मेवालीने चित्र आडवं ठेवलं, मी प्लेट खाली सरकवली, मशीन अगदी कमी ताकदीवर लावलं. तिने मला समजावलं की जुने लोक पांढरा रंग शिशापासून बनवायचे, आणि शिशातून किरण जात नाहीत, म्हणून जुन्या चित्रातली उजळ अंगं प्लेटवरही पांढरी उमटतात. शिशाचं मला काय सांगते, मी दिवसभर शिशाचा एप्रन घालून उभा असतो.

चेहरा आला. खिडकी आली. उजवा हात आला, सुईसकट लखलखीत. आणि डाव्या हाताच्या जागी काहीच नव्हतं. काळं भोक.

मावशी, मी आजवर हजारो हात पाहिले आहेत. मोडलेले, वाकडे, बोटं नसलेले. नसलेला हात मी पहिल्यांदाच पाहिला. मला वाटलं माझी प्लेट खराब आहे. दुसरी लावली. तेच. चष्मेवाली शांतपणे म्हणाली, हा हात मूळ चित्रातला नाही, नंतर कोणीतरी नव्या रंगात भरलाय. त्या उभ्या रेघा दुरुस्ती करणाऱ्यांच्या असतात. आणि म्युझियमच्या नोंदवहीत पाहिलं तर दुरुस्तीचं वर्ष एकोणतीस वर्षांपूर्वीचं आहे.

त्या वर्षी मी पाच वर्षांचा होतो. त्या वर्षी आई गेली. त्या वर्षी तू त्या वर्कशॉपमध्ये होतीस.

बाबा त्या दिवसाबद्दल आयुष्यात एकदाच बोलले होते. म्हणाले, तुझ्या मावशीला यायला उशीर झाला. कशामुळे ते सांगितलं नाही. मी विचारणार नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. आता विचारतोय. तो हात कोणाचा आहे?

ढब्बू


२२ मार्च

ढब्ब्या, बाळा,

हे पत्र लिहिलं तर तुझी पत्रं बंद होतील, या भीतीने मी महिनाभर गप्प बसले. रोज दारात उभी राहिले आणि रोज तुला उत्तर टाळलं. एकोणसत्तर वर्षांची बाई एका पाकिटाला एवढी घाबरते, हे तुझ्या आईला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

तो हात तुझ्या आईचा आहे.

सगळं सांगते. सातव्या खोलीचं छत गळलं आणि पाणी नेमकं त्या बाईच्या डाव्या हातावर उतरलं. रंग पापुद्रे होऊन पडला. आमचा नियम असा, की पडलेल्या जागेपुरतंच भरायचं, आणि उभ्या रेघांनी भरायचं. लांबून बघणाऱ्याला चित्र पूर्ण दिसावं, पण जवळ येणाऱ्याला कळावं की हे म्हाताऱ्याचं नाही. त्या रेघा म्हणजे आमची कबुली असते. दुसरा नियम, रंग असा वापरायचा की पुढे कोणालाही तो पुसता यावा. तू त्या कबुलीलाच उस्तादाची करामत समजलास. ते वाचून मी हसले आणि मग मला फार वाईट वाटलं.

मूळ हात कसा होता ते कळायला काही साधन नव्हतं, एक धुरकट फोटो तेवढा होता. समोर खरा हात हवा होता. तुझी आई तेव्हा आजारी होती, दवाखान्यातून सोडलेली. घरात बसून कंटाळायची. म्हणाली, माझा घे, तो काही कामाचा राहिला नाही. अकरा दुपारी ती वर्कशॉपमध्ये येऊन बसली. "राणीसारखी बसवून ठेवलीस, चहा तरी पाज," म्हणायची. तू टेबलाखाली बसून रंगांच्या डब्यांची झाकणं लावायचास, चुकीच्या डब्यांना. तुला शिरावंसं वाटलं ना, ते तिथे.

करंगळी तिनेच मला सरळ करायला लावली. "बघ हं, तीनशे वर्षांनी लोक नावं ठेवतील," म्हणाली. मीही सरळच काढली. दोन्ही हातांना तसंच बोट होतं तिला. तुझ्यात ते तिच्याकडूनच आलंय. सामान मुळीच कमी पडलं नव्हतं.

मग तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. एका सकाळी तुझ्या बाबांचा निरोप आला, ये. मी म्हटलं, दुपारपर्यंत येते. नखावरची सावली राहिली होती, दुसऱ्या दिवशी मोठे साहेब काम बघायला येणार होते. मला वाटलं, एवढं संपवू, मग मोकळ्या मनाने तिच्याजवळ बसू. सव्वाचारला पोचले. ती सव्वातीनला गेली होती. मी तिचा हात रंगवत बसले होते आणि तिचा हात धरायला कोणी नव्हतं, तुझे बाबा तुला सांभाळत बाहेर उभे होते. त्यांनी मला एकच विचारलं, "झालं का पूर्ण?" त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

चौथ्या दिवशी कामावर गेले. ती सरळ करंगळी मला बघवेना. मी ती पुसली आणि तिची खरी करंगळी काढली, आठवणीतून. साहेबांना कळलं नाही, कोणालाच कळलं नाही. दुसऱ्याच्या चित्रात आपलं माणूस घुसवणं हा आमच्या कामात मोठा गुन्हा आहे. तो मी केला. एका बोटाएवढा. मग तेवीस वर्षं त्या खोलीत जायचं मी टाळत राहिले, सफाईवाल्या बायका विचारायच्या, सातमध्ये भूत आहे का.

आणि तू आलास आणि पहिल्या झटक्यात त्याच बोटापाशी जाऊन उभा राहिलास. मी म्हटलं, तो हात विशेष नाही. सावली चुकली आहे हे खरं. बाकी सगळं खोटं होतं.

आता तू लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

मावशी


१९ एप्रिल

मावशी,

चिडलो होतो. तीन गुरुवार म्युझियमकडे फिरकलो नाही. खोलीत पडून राहिलो, लाँड्रीवाल्यांच्या चादरी मोजल्या. मला राग कशाचा आला हेही धड कळेना. तू उशिरा गेलीस याचा, की तिथे घालवलेल्या अकरा दुपारी मला आठवत नाहीत याचा. तुला त्या आठवतात, मला नाहीत. मला फक्त वास आठवतो.

चौथ्या गुरुवारी गेलो. चष्मेवालीने मला आत घेतलं, चित्र टेबलावर होतं. मी माझा डावा हात त्या हाताशेजारी ठेवला. बराच वेळ. ती स्टुलाकडे बोट दाखवून आपल्या कामाला लागली. मग मीच सगळं सांगितलं. तुझं, आईचं, बोटाचंसुद्धा. तुला न विचारता सांगितलं, रागवायचं तर रागव. ती म्हणाली, इतक्या बारीक रेघा मला अजून जमत नाहीत.

हात ठेवता येईल का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. ती म्हणाली, नाही. गोदामात काचेवरचा एक जुना फोटो सापडलाय, छत गळण्याआधीचा, अगदी स्पष्ट. म्हाताऱ्याने काढलेला डावा हात उघडा नव्हताच. त्या बाईने कापडाचं टोक मुठीत धरलं होतं. तिचे दोन्ही हात कामात होते. वाट बघणारा हात आईचा होता, मावशी. मी एवढे गुरुवार बघत होतो तो.

५ मेला तो पुसणार आहेत. मी चष्मेवालीला म्हटलं, माझी मावशी सांगते, तिने केलेलं पुसता येतं. ती म्हणाली, मग त्यांनाच बोलवा. ज्यांनी घातला त्यांनी काढला तर बरं.

त्या वेळी तुला निरोप त्याच सकाळी मिळाला आणि तू उशिरा निघालीस. या वेळी मी दिवस आणि वेळ आधी सांगतोय. ५ मे, सकाळी दहा. वर्कशॉपचं दार तुला माहीत आहे.

सोबत एक मोठं पाकीट आहे, ते वाकवू नकोस.

ढब्बू


७ मे

ढब्ब्या,

काल घरी पोचले. कुलूप उघडलं तर घरात तीन दिवसांची कोंडलेली हवा. पहिल्यांदा खिडक्या उघडल्या, मग बसले.

तिथे काही बोलता आलं नाही. तुझ्याशी बोलायचं म्हणजे तुला ओरडायला लावायचं, आणि त्या खोलीत ओरडावं असं कोणाला वाटत होतं? म्हणून आता लिहिते. तू दहाला आलास तेव्हा मी आधीच दारात होते, हे तू पाहिलंस. साडेसातपासून समोरच्या बाकावर बसले होते हे पाहिलं नाहीस. सफाईवालीने दोनदा विचारलं, आजी, कोणाची वाट बघताय? मी म्हटलं, आज मला उशीर करायचा नाही.

मनगटापासून सुरुवात केली, ते जाडच झालं होतं. मग तळहात, मग अंगठा. कापसाचा एकेक बोळा फिरवला की तिच्या कातडीचा रंग बोळ्यावर यायचा आणि खाली म्हाताऱ्याचा राखी थर उघडा पडायचा. करंगळी शेवटी ठेवली. तिथे मी थांबले, तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. कोणता, ते मला वळून न बघता कळलं. मग मी तीही पुसली. सव्वाबारा वाजले होते. मी घड्याळ बघितलं, कारण मला या वेळी माहीत असायला हवं होतं.

शेवटचा बोळा तू खिशात टाकलास. मी पाहिलं. चष्मेवालीनेही पाहिलं आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवरच्या चष्म्यावर ओढून दुसरीकडे बघायला लागली. चांगली मुलगी आहे. रेघा शिकवायला तिने पत्रांची परवानगी मागितली आहे, म्हणजे पोस्टमनला आता दोन फेऱ्या.

रडू तिथे आलं नाही. गाडीत आलं. समोरच्या बाईने मला पाणी दिलं.

आता तुझं पाकीट. तुझ्या डाव्या हाताची ती फिल्म मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला चिकटवली आहे. सकाळचा उजेड तिच्यातून येतो आणि करंगळीचं शेवटचं हाड आत झुकलेलं स्पष्ट दिसतं. घरमालकीण दचकली, म्हणाली, काय मोडलंय? मी म्हटलं, काही मोडलेलं नाही, आमच्याकडे असंच असतं.

काल संध्याकाळी पेन्सिल काढली. सहा वर्षांनी. फिल्म समोर ठेवून हात काढायला बसले. चार कागद फुकट गेले. हाडं सगळी बरोबर येतात, पण कातडी कुठे सैल आहे, शीर कुठून जाते, नख किती खाल्लंय, हे त्या तुझ्या मशीनला कळत नाही. हाडांवरून हात काढता येत नाही, ढब्ब्या.

पुढच्या गुरुवारी तू म्युझियममध्ये जाऊ नकोस. सकाळची गाडी सव्वाअकराला इथे पोचते. टेबल खिडकीपाशी सरकवलंय, दुसरी खुर्ची घरमालकिणीकडून आणली आहे. फिल्म पुरे झाल्या, आता हात घेऊन ये.

मावशी